बंध तोडून ऊर्जा मिळते का?

पुढील दोन विधाने पहा. 'रासायनिक बंध तोडण्यासाठी ऊर्जा द्यावी लागते.' 'एटीपीमधील फॉस्फेटचा बंध तुटला की ऊर्जा मुक्त होते.' पहिले विधान रसायनशास्त्राच्या तासाला शिकवले जाते, दुसरे जीवशास्त्राच्या. एकच विद्यार्थी दोन उत्तरपत्रिकांत ही दोन विधाने लिहितो आणि दोन्हीकडे पूर्ण गुण मिळवतो. ती एकमेकांशी जुळत नाहीत, हे त्याला कोणी सांगत नाही. पेशीश्वसनाच्या आपल्याकडील प्रचलित मांडणीवर माझा मुख्य आक्षेप आहे तो हाच.

एका ग्लुकोजपासून एटीपीचे ३८ रेणू मिळतात, असे अनेक पुस्तकांत असते. आज हा आकडा ३० ते ३२ मानला जातो. पण ती आकड्याची चूक आहे, पुढच्या आवृत्तीत सुधारता येईल. बंधाची चूक विचाराची आहे.

पहिले विधान निरपवाद खरे आहे. मग एटीपीचे काय? त्याची पाण्याशी अभिक्रिया होते तेव्हा जुने बंध तुटतात आणि नवे जुळतात. तुटताना ऊर्जा खर्च होते, जुळताना मिळते. एटीपीतील तीन फॉस्फेट गटांवरचे ऋणप्रभार एकमेकांना दूर लोटत असतात. शेवटचा गट वेगळा झाला की हा ताण कमी होतो. तयार होणारे एडीपी व फॉस्फेट पाण्यात अधिक स्थिर असतात. म्हणून जमा खर्चापेक्षा जास्त भरते. प्रमाण परिस्थितीत ही शिल्लक मोलमागे सुमारे ३०.५ किलोज्यूल असते. ती एका बंधात दडलेली नसते, संपूर्ण अभिक्रियेची असते.

गैरसमजाचे मूळ जुने आहे. १९४१ साली फ्रिट्झ लिपमान यांनी अशा फॉस्फेट बंधांना 'ऊर्जासमृद्ध' म्हटले आणि ते दाखवण्यासाठी नागमोडी रेघ वापरली. जैवरसायनशास्त्रज्ञांना ती खूण सोयीची होती. पाठ्यपुस्तकांत मात्र ती ऊर्जेची कुपी होऊन बसली.

'अन्नात ऊर्जा साठवलेली असते' हे वाक्यही अर्धेच आहे. गोबरगॅसमधील मिथेनचा हिशोब फळ्यावर मांडून पहा. मिथेनच्या एका मोलमधील कार्बन-हायड्रोजनचे चार बंध तोडायला सुमारे १६५२ किलोज्यूल लागतात, ऑक्सिजनच्या दोन मोलांसाठी ९९६. एकूण खर्च २६४८. कार्बन डायऑक्साइड तयार होताना सुमारे १६०० मिळतात, पाण्याची वाफ होताना १८५२. एकूण जमा ३४५२, शिल्लक सुमारे ८००. ऑक्सिजनचा दुहेरी बंध तुलनेने कमकुवत आहे, नवे बंध बळकट आहेत. ग्लुकोजचा हिशोबही याच पद्धतीने सुटतो. म्हणजे ऊर्जा एकट्या अन्नाची नाही, अन्न आणि ऑक्सिजन या जोडीची आहे. आपण श्वास का घेतो, याचे उत्तर इथेच मिळते.

पेशी हा व्यवहार एका झटक्यात उरकत नाही. अन्नातील इलेक्ट्रॉन टप्प्याटप्प्याने ऑक्सिजनकडे जातात. त्या ओघात तंतुकणिकेच्या आतील पटलापलीकडे प्रोटॉन ढकलले जातात. ते परत येताना एक विकर फिरवतात आणि एटीपी तयार होतो. प्रोटॉनच्या या साठ्याची कल्पना पीटर मिचेल यांनी १९६१ साली मांडली, तेव्हा तिला बराच विरोध झाला. १९७८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

एटीपीला 'ऊर्जेचे चलन' म्हणतात. ही उपमा चांगली आहे. फक्त ती शेवटपर्यंत न्यायला हवी. नोट फाडून कोणाला वाणसामान मिळत नाही, ती दुसऱ्याच्या हाती द्यावी लागते. एटीपी नुसता पाण्यात तुटला तर उष्णतेखेरीज हाती काही लागत नाही. हेक्सोकायनेज हे विकर त्यातील फॉस्फेट गट थेट ग्लुकोजला देते, आणि एरवी आपोआप न होणारी अभिक्रिया पार पडते. उपयोगी ऊर्जा ती हीच.

म्हणून शिक्षकांना एकच विनंती. 'बंध तुटून ऊर्जा मिळते' हे वाक्य वर्गात आले की तिथेच थांबा आणि विचारा, 'मग रसायनशास्त्राच्या तासाला काय शिकलात?' वर्गात थोडा गोंधळ होईल. होऊ द्यावा. दोन विषयांच्या वह्या शेजारी ठेवून पाहण्याची सवय मुलांना लागली, तर अभ्यासक्रमातील एक धडा मागे राहिला तरी चालेल.