लिनक्सवरील ग्राफिक्स कार्डाचे आभासी संगणकाकडे हस्तांतरण : एक चिकित्सा

प्रस्तावना :
आजचे युग हे माहिती तंत्रज्ञानाचे युग आहे, असे सर्वत्र म्हटले जाते. मात्र हे युग सर्वांच्या दारी सारख्याच पावलांनी आलेले नाही. बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीसाठी घर सोडतात. अशा घरातील मुलगा वा मुलगी संगणकशास्त्राच्या वर्गात येते, तेव्हा महाविद्यालयाची प्रयोगशाळा हाच बहुधा तिचा एकमेव संगणक असतो. अभ्यासक्रमात यंत्रशिक्षणासारखे विषय आल्यापासून ग्राफिक्स कार्ड ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. एक महागडे कार्ड अनेकांच्या उपयोगी पडावे, यासाठी लिनक्सवरील 'पासथ्रू' हा मार्ग अनेकदा सुचविला जातो. या मार्गाचे सामर्थ्य व मर्यादा तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

तंत्राचे स्वरूप :
एकाच प्रत्यक्ष संगणकावर अनेक आभासी संगणक चालविण्याची 'केव्हीएम' ही सोय २००७ साली लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाली. यात मूळ संगणक हा यजमान, तर आभासी संगणक हा पाहुणा होय. एरवी पाहुण्याला यजमानाने उभे केलेले नकली ग्राफिक्स कार्ड मिळते व त्यावर जड गणन होत नाही. पासथ्रूमध्ये मात्र खरे कार्डच पाहुण्याच्या स्वाधीन केले जाते.

येथे एक धोका संभवतो. ग्राफिक्स कार्ड प्रोसेसरला न विचारता थेट स्मृतीत लेखन करते. पाहुण्याला ठाऊक असलेले स्मृतीचे पत्ते खरे नसतात. त्या पत्त्यांवर कार्डाने लिहिले, तर यजमानाचीच स्मृती नष्ट होईल. हा धोका 'आयओएमएमयू' हे हार्डवेअर टाळते. कार्डाने दिलेला प्रत्येक पत्ता ते तपासते व खऱ्या पत्त्यात रूपांतरित करते. इंटेलने त्यास 'व्हीटी-डी', तर एएमडीने 'एएमडी-व्हीआय' असे नाव दिले. या आधारावर उभी असलेली 'व्हीएफआयओ' ही चौकट २०१२ साली लिनक्समध्ये आली. तंत्र म्हणून ही रचना निःसंशय उच्च दर्जाची आहे. पाहुण्यास कार्डाचा जवळजवळ पूर्ण वेग मिळतो व यजमानही सुरक्षित राहतो.

मर्यादांची चिकित्सा :
पहिली मर्यादा मदरबोर्डाची आहे. जी उपकरणे एकमेकांपासून खात्रीने अलग करता येत नाहीत, त्यांना लिनक्स एका गटात टाकते, आणि असा गट संपूर्णच पाहुण्यास द्यावा लागतो. आमच्या प्रयोगशाळेतील एका संगणकात कार्ड व नेटवर्कचे उपकरण एकाच गटात निघाले. कार्ड दिले तर यजमानाचे नेटवर्क जाणार, अशी स्थिती झाली. ही विभागणी कृत्रिमरीत्या मोडणारी दुरुस्ती उपलब्ध आहे, परंतु ती अधिकृत लिनक्सचा भाग नाही. ती नसलेले अलगीकरण असल्याचे गृहीत धरते. कुलूप न लावता दार बंद मानण्यासारखेच हे होय.

दुसरी मर्यादा उत्पादकाच्या धोरणाची आहे. एनव्हिडिया कंपनीच्या जीफोर्स कार्डांचा विंडोजमधील ड्रायव्हर आभासी संगणक ओळखताच अनेक वर्षे 'कोड ४३' ही त्रुटी दाखवून थांबत असे. वापरकर्ते आभासीपणा लपवून काम भागवीत. २०२१ साली कंपनीने हा अडसर दूर केला, पण एका कार्डास एकच आभासी संगणक ही अट ठेवून. मुक्त सॉफ्टवेअरचे स्वातंत्र्य ड्रायव्हरच्या उंबरठ्यावर कसे अडते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

तिसरी मर्यादा सर्वांत मूलभूत आहे. पासथ्रू म्हणजे वाटणी नव्हे, ते हस्तांतरण आहे. पाहुण्याला घरातील एकुलता एक दिवा द्यावा आणि यजमानाने अंधारात बसावे, असा हा व्यवहार आहे. खरी वाटणी करणारी कार्डे आहेत. पुण्यातील सी-डॅकच्या 'परम सिद्धी-एआय' या महासंगणकाने नोव्हेंबर २०२० मध्ये जगातील पाचशे महासंगणकांच्या यादीत ६३ वे स्थान मिळविले. त्यातील ए१०० या कार्डाचे हार्डवेअरच्या पातळीवर सात स्वतंत्र भाग करता येतात. सामान्य कार्डांत ही सोय नाही. म्हणजे ज्याच्याकडे कार्डे मुबलक, त्यालाच वाटणीची मुभा, आणि ज्याच्याकडे एकच, त्याला ती नाही.

पर्याय :
येथे एक साधी गोष्ट दुर्लक्षित राहते. यंत्रशिक्षणाच्या बहुतेक प्रात्यक्षिकांना आभासी संगणकाची गरजच नसते. कार्ड यजमानाकडेच ठेवून विद्यार्थ्यांना स्वतंत्र खाती वा कंटेनर दिले, तर अनेक जण आळीपाळीने तेच कार्ड वापरू शकतात. कार्डाची स्मृती सर्वांत विभागली जाते व एकाच्या चुकीचा त्रास इतरांस होऊ शकतो, हे खरे. तथापि शिस्तीचे वेळापत्रक केल्यास हा दोष सुसह्य ठरतो. विंडोजवरच चालणारे आरेखनाचे सॉफ्टवेअर किंवा ड्रायव्हरचा अभ्यास यांसाठी मात्र पासथ्रू हाच योग्य मार्ग आहे.

निष्कर्ष :
१. पासथ्रू हे वेग व सुरक्षितता यांचे तंत्र आहे, काटकसरीचे नव्हे.
२. खरेदीपूर्वी मदरबोर्डाची गटरचना तपासणे अत्यावश्यक आहे. यजमानासाठी प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्सही असावे.
३. एकच कार्ड असलेल्या महाविद्यालयाने प्रथम खाती व कंटेनर यांचा अवलंब करावा.

तंत्रज्ञानाचे मूल्यमापन केवळ त्याच्या वेगावरून करणे अपुरे आहे. ते शेवटच्या बाकावरील विद्यार्थ्यापर्यंत पोहोचते का, हाही त्याचा निकष असला पाहिजे.