ध्वनिमुद्रिकेवरील नाव आणि नादातील मुद्रा

अभंगाच्या अखेरच्या चरणात संतकवी आपली नाममुद्रा घालीत. वह्या जीर्ण झाल्या, लेखकूंनी पाठ बदलले, परंतु कर्त्याचे नाव रचनेतच ओवलेले असल्यामुळे ते सहसा पुसले गेले नाही. ही सोय वाद्याला नाही. ट्रंपेटमधून निघणारा स्वर वादकाचे नाव सांगत नाही. ते आवेष्टनावर छापावे लागते, आणि छापले नाही तर कलावंत आपल्या कृतीच्या डोळ्यांदेखत अनामिक होतो. जुन्या ध्वनिमुद्रिका पुनःपुन्हा नव्या स्वरूपात निघत असताना समीक्षकाने ह्या प्रश्नाकडे लक्ष देणे अगत्याचे आहे. त्यासाठी चिक चॉकलेट ह्यांचे उदाहरण फार बोलके आहे.

चिक चॉकलेट हे टोपणनाव. मूळचे अँटोनियो झेवियर वाझ. 1916 साली गोव्यातील हळदोणे येथे त्यांचा जन्म झाला आणि 1967 साली मुंबईत ते निवर्तले. गोव्यातील चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन वाचण्याची व वाद्य वाजवण्याची जी शिस्त लागे, तिने मुंबईच्या वाद्यवृंदांना पिढ्यानपिढ्या वादक पुरविले. 1935 साली लिऑन अ‍ॅबे ह्यांचा निग्रो वादकांचा संच ताजमहाल हॉटेलात वाजवून गेला. पाठोपाठ क्रिकेट स्मिथ व टेडी वेदरफर्ड ह्यांनीही मुंबई गाजविली. गोव्याच्या तरुण वादकांना जाझचे धडे प्रत्यक्ष गुरुमुखातून मिळाले ते असे. पुढे त्याच ताजमध्ये चिक चॉकलेट ह्यांनी स्वतःचा संच उभा केला. लुई आर्मस्ट्राँग हे त्यांचे दैवत होते. रसिक त्यांना 'हिंदुस्थानचे आर्मस्ट्राँग' म्हणत.

ही पदवी गौरवाची खरी, पण ती निरपवाद मानू नये. गडकऱ्यांना महाराष्ट्राचे शेक्सपिअर म्हटल्याने शेक्सपिअरचे काही बिघडत नाही, परंतु गडकरी मात्र दुसऱ्याच्या मापाने मोजले जाऊ लागतात. चिक ह्यांच्या बाबतीत तेच घडले. त्यांचे खरे कर्तृत्व आर्मस्ट्राँगच्या अनुकरणात नसून, त्या वादनपद्धतीला त्यांनी जे नवे घर मिळवून दिले त्यात आहे. ते घर म्हणजे हिंदी चित्रपटगीत.

ह्या कामी त्यांची गाठ पडली ती पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकर ह्यांच्याशी, म्हणजे सी. रामचंद्र ह्यांच्याशी. 1951 सालचा 'अलबेला' हा ह्या सहयोगाचा कळस होय. दिग्दर्शक व नायक भगवान, संगीतकार व गायक सी. रामचंद्र, गायिका लता मंगेशकर ही सारी आपल्या परिचयाची नावे. चौथे नाव ह्या वादकाचे. चित्रपटात ते आपल्या संचासह पडद्यावर दिसतातही, पण पाहणाऱ्यांपैकी किती जणांस ते ओळखू येतात?

ह्या गाण्यांच्या पुनर्मुद्रित ध्वनिमुद्रिका लक्षपूर्वक ऐकाव्यात. चाल सी. रामचंद्रांची आहे, तिचा गोडवा मराठी कानाला आपला वाटतो, आणि तिचे श्रेय त्यांच्याकडून कोणी काढून घेऊ नये. परंतु गायकाची ओळ जेथे संपते, त्या फटीत वाद्यवृंद काय करतो, ते पाहावे. तमाशात झीलकरी ओळीचे शेपूट उचलून धरतो. येथे वाद्ये ओळ नुसती उचलून धरीत नाहीत, तर तिला उत्तर देतात, कधी तिची थट्टाही करतात. बोंगोचा ठेका आणि पितळी वाद्यांचा उसळता फुत्कार चालीला पाठिंबा देण्यापुरते येत नाहीत. गीताचा स्वभावच ते ठरवितात. चाल आणि वाद्ययोजना ह्या दोन भिन्न निर्मिती आहेत, आणि रसग्रहणात दोहोंचा स्वतंत्र विचार झाला पाहिजे. चिक ह्यांनी 'नादान' (1951) व 'रंगीली' (1952) अशा चित्रपटांना स्वतंत्र संगीतही दिले. तथापि त्यांची मुद्रा अधिक ठसठशीत उमटली ती दुसऱ्याच्या नावाने निघालेल्या गीतांवर, हे दैवदुर्विलसितच म्हणावयाचे.

येथे अमेरिकेतील क्लॅरेन्स विल्यम्स ह्यांची आठवण होते. लुइझियानात जन्मलेले हे पियानोवादक आरंभीच्या जाझचे संचप्रमुख होते, आणि त्याबरोबर संगीताचे प्रकाशकही. 1924-25 साली त्यांच्या 'ब्लू फाइव्ह' ह्या संचात आर्मस्ट्राँग व सिडनी बेशे हे दोघेही वाजवीत. विल्यम्स ह्यांनी कागदाचे महत्त्व ओळखले होते. गीत छापावे, त्याचा हक्क नोंदवावा आणि मग ते वाजवावे, हा त्यांचा क्रम. 1943 साली त्यांनी आपला गीतसंग्रह डेक्का कंपनीस विकला. त्यांचे नाव राहिले, कारण ते कागदावर होते. उलट आमच्या गोमंतकीय वादकांनी लिहिलेली स्वरलेखनाची पाने ध्वनिमुद्रणापुरती होती. काम झाले की त्यांची किंमत संपे.

परंतु कागदही नेहमी खरे बोलतो असे नाही. विल्यम्स ह्यांचे भागीदार पिरॉन ह्यांच्या नावे निघालेले एक लोकप्रिय नृत्यगीत मुळात आपले होते, असे आर्मस्ट्राँग पुढे सांगत. शिवाय त्या तबकड्यांवर वादकांची नावे बहुधा नसतच. ती निश्चित केली ती संग्राहकांनी, स्वर ऐकून, तारखा ताडून, हयात वादकांना विचारून. शार्ल दलोने ह्यांची जाझ-ध्वनिमुद्रिकांची सूची 1936 सालीच निघाली. आज विल्यम्स ह्यांच्या पुनर्मुद्रित तबकड्यांसोबत वादकांच्या याद्या मिळतात, त्या ह्या चिकाटीमुळे.

आपल्याकडे असे श्रम झालेच नाहीत असे नाही. नरेश फर्नांडिस ह्यांच्या 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' (2012) ह्या ग्रंथाने मुंबईच्या जाझ-वादकांना नावे व चेहरे परत दिले. ग्रेगरी बूथ ह्यांनी चित्रपटातील वादकांच्या मुलाखतींवर 2008 साली ग्रंथ लिहिला. मात्र हे दोन्ही ग्रंथ इंग्रजीत आहेत. ज्या गीतांवर मराठी घराघरांतून प्रेम केले गेले, त्यांच्या वाद्ययोजनेची मीमांसा मराठीत अत्यल्प आहे. संगीतसमीक्षा म्हणून आपण लिहितो ते बहुशः राग, गायक आणि आठवणी ह्यांविषयीच.

भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षांनी संपतो. 'अलबेला'च्या मूळ तबकड्यांचा तो काळ उलटून गेला आहे. 2012 सालच्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार ह्यांच्या मानधनाचा हक्क बळकट केला, परंतु वाद्ययोजनाकाराचे स्थान अजूनही धूसरच आहे. जे कायदा देत नाही ते समीक्षेने द्यावे. पुनर्मुद्रण करणाऱ्याने स्वर स्वच्छ केले, खरखर काढली, एवढ्याने त्याचे कर्तव्य संपत नाही. कोणी काय वाजविले, हे सांगणे हाही संपादनाचाच भाग आहे. जुन्या पोथीचा पाठ सिद्ध करताना आपण जी कसोटी लावतो, तीच येथे लावावी.

हैदराबाद-सिकंदराबादेत छावणीमुळे पितळी वाद्यांचा नाद पूर्वापार परिचित आहे. येथील शिक्षकांनी वर्गात 'अलबेला'चे एखादे गीत दोनदा ऐकवावे. पहिल्यांदा शब्दांसाठी ऐकवावे. दुसऱ्यांदा शब्दांकडे दुर्लक्ष करून ट्रंपेटच्या मागे जाण्यास सांगावे, आणि मग फळ्यावर वादकाचे नाव लिहावे: अँटोनियो झेवियर वाझ, हळदोणे.