वस्तरा गृहीतकांवर, शब्दांवर नव्हे

‘सर्वांत सोपे स्पष्टीकरण तेच खरे’ असे वाक्य ऑकमच्या नावावर खपवून कचेरीतले आणि घरातले तंटे सोडवण्याचा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो. चौदाव्या शतकातल्या विल्यम ऑफ ऑकम या इंग्लिश तत्त्वज्ञाने असे म्हटलेले नाही. गरजेवाचून गृहीतके वाढवू नयेत, एवढाच त्याचा आग्रह. (त्याच्या नावावर प्रसिद्ध असलेले लॅटिन सूत्रही त्याच शब्दांत त्याच्या उपलब्ध लिखाणात सापडत नाही!) शिवाय ही काटछाट करायची ती दोन स्पष्टीकरणे सारखीच निरीक्षणे सारख्याच चोखपणे उलगडत असतील तेव्हा.

एक मुलगा आठवडाभर गृहपाठ आणत नाही. ‘आळशी आहे,’ शिक्षकांच्या खोलीत निकाल लागतो. दोनच शब्द, पण त्यांत मुलाचा कायमचा स्वभावच गृहीत धरला आहे. तोच मुलगा मैदानावर तासभर घाम गाळतो, त्यासाठी मग आणखी एक गृहीतक हवे. ‘संध्याकाळी त्याला घरचे दुकान सांभाळावे लागते’ हे वाक्य लांब खरे, पण ते एका प्रश्नात तपासता येते. परिस्थिती सोडून स्वभावाला बोल लावण्याची ही खोड जुनीच. जोन्स आणि हॅरिस यांच्या १९६७ सालच्या प्रयोगात, कॅस्ट्रोची बाजू लेखकाला नेमून दिली होती असे सांगूनही, वाचकांनी ती काही अंशी त्याची स्वतःची मते मानली.

नात्यांत मात्र वस्तरा दोन्हीकडून चालतो. मैत्रिणीचा एक फोन आला नाही, तर ‘कामात असेल’ हे पुरते. सहा महिने दर वेळी नवी सबब आपणच तिच्या वतीने रचत असू, तर ‘ती दुखावली आहे’ हे एकच गृहीतक स्वस्त पडते.

आणि स्वस्त तेही चुकू शकते. युरेनस गणिताप्रमाणे चालेना, तेव्हा लव्हेरिएने पलीकडे एक ग्रह मानला. १८४६ साली नेपच्यून सापडला. बुधाच्या कक्षेतही फरक आढळला, शतकाला सुमारे ४३ विकला. १८५९ साली लव्हेरिएने तोच उपाय पुन्हा योजला: सूर्याजवळ आणखी एक ग्रह. त्याचे ‘व्हल्कन’ असे बारसेही झाले. अनेकांनी तो शोधला, पण तो मिळाला नाही. अखेर १९१५ साली आइन्स्टाइनच्या नव्या गुरुत्वाकर्षण सिद्धान्तातून, बुधासाठी वेगळे काहीही न जोडता, त्या ४३ विकला बाहेर पडल्या.