‘गुणसुंदरी’ (१९२७) : एका हरवलेल्या मूकपटातील दाम्पत्यविचार

प्रास्ताविक :
मूकपटांच्या काळात भारतात सुमारे तेराशे चित्रपट निघाले. आज त्यांपैकी मोजकेच शिल्लक आहेत. ज्वालाग्राही नायट्रेट फीत, तिच्यातील चांदीसाठी झालेली वितळवणूक आणि निर्मात्यांची अनास्था यांमुळे १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन होईपर्यंत बहुतांश ठेवा नष्ट झाला होता. मुंबईच्या कोहिनूर फिल्म कंपनीचा, चंदुलाल शहा दिग्दर्शित ‘गुणसुंदरी’ हा त्यांपैकीच एक. ‘व्हाय हसबंड्स गो अस्ट्रे’ हे त्याचे इंग्रजी नाव. प्रस्तुत लेखात ज्ञात कथासूत्राच्या आधारे त्यातील दाम्पत्यविचाराची चिकित्सा केली आहे.

कथासूत्र :
नायिका (गोहर) कर्तव्यदक्ष गृहिणी आहे. कामावरून थकून आलेल्या पतीपुढे ती घरातील अडचणींचा पाढा वाचते. कंटाळलेला पती नर्तकीकडे वळतो. तेव्हा केवळ कर्तव्यदक्ष असणे पुरेसे नाही, हे ओळखून नायिका स्वतःला बदलते व पतीप्रमाणे घराबाहेर वावरू लागते. नायिकेचे नावही सूचक आहे. गोवर्धनराम त्रिपाठी यांच्या ‘सरस्वतीचंद्र’ या गुजराती कादंबरीतील गुणसुंदरी ही एकत्र कुटुंबाचा भार वाहणारी आदर्श स्त्री होय. चित्रपट नेमका तोच आदर्श अपुरा ठरवतो.

चिकित्सा :
गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ (१९१९) मधील सिंधूशी तुलना केल्यास या नायिकेचे वेगळेपण स्पष्ट होते. सिंधूची सहनशीलता मृत्यूतच संपते. गुणसुंदरी मात्र कृती करते. तथापि या कृतीला पुरोगामी म्हणण्यापूर्वी थांबावे लागते. इंग्रजी नाव प्रश्न विचारते पतीविषयी, परंतु उत्तर शोधले जाते पत्नीच्या वागण्यात. पतीच्या कामाचा शीण बाहेरख्यालीपणाचे कारण म्हणून मान्य होतो. पत्नीच्या दिवसभराच्या श्रमाला मात्र रटाळपणाचे रूप येते. नर्तकीला स्थान केवळ मोहापुरते. तिचे आकर्षण मात्र कुलस्त्रीने आत्मसात करावयाचे. येथे एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. चित्रपटातील अभिनय प्रतिष्ठित मानला जात नव्हता, त्या काळात गृहिणीचा हा धडा स्वतः व्यवसाय करणारी स्त्री पडद्यावर देत होती. हीच गोहर १९२९ मध्ये शहांसह रणजित या चित्रसंस्थेच्या उभारणीत सहभागी झाली.

शहांनी १९३४ मध्ये गोहरलाच घेऊन याच नावाचा बोलपट काढला. १९४८ मध्ये रतिलाल पुनातर यांचा, निरुपा रॉय यांची भूमिका असलेला गुजराती चित्रपटही आला. मात्र बोलपटावरून मूकपटाचा निवाडा करता येत नाही. मूकपटात अर्थ चेहऱ्यावर आणि हालचालीत असतो. नायिकेचे उंबरठ्याबाहेर पडणे ही पतीला परत आणण्याची युक्ती होती की क्षणभराची मोकळीक, याचा निर्णय गोहरच्या चेहऱ्यावरूनच झाला असता. कथासूत्र उरते, हा निर्णय उरत नाही. चित्रपट हरवणे म्हणजे नेमके हेच.

समारोप :
हा प्रश्न आपल्या परिसरालाही लागू होतो. धानाचा हंगाम आटोपल्यावर मंडई-शंकरपटाच्या निमित्ताने रात्रभर रंगणाऱ्या झाडीपट्टीच्या नाटकांत मोडता संसार, व्यसन, परस्त्रीचा मोह हे विषय नित्याचे आहेत. ती शेकडो प्रेक्षक पाहतात. परंतु प्रयोग संपताच नटाचा आवाज व प्रेक्षकांचा प्रतिसाद विरून जातो. नागभीडपासून वडसा, म्हणजे नाट्यमंडळांचे केंद्र, दूर नाही. महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी संहिता, हस्तपत्रके आणि प्रयोगांची ध्वनिचित्रमुद्रणे जमवण्याचे काम हाती घ्यावे. अन्यथा उद्याच्या अभ्यासकाच्या हाती या नाटकांचीही केवळ कथासूत्रेच उरतील.