दिवाळीतील किल्ला आणि रणगाड्याची प्रतिकृती : 'झीज' या तत्त्वाचा समीक्षात्मक विचार
(विशेष संदर्भ : जुन्नर व आंबेगाव तालुके)

प्रस्तावना

साहित्य, नाटक आणि चित्रपट यांच्या समीक्षेची मराठीत समृद्ध परंपरा आहे. त्या मानाने हौसेने घडविल्या जाणाऱ्या प्रतिकृतींकडे कलाव्यवहार म्हणून पाहण्याचे प्रयत्न थोडे आहेत. अशा वस्तू 'छंद' किंवा 'मुलांचा खेळ' या सदरात टाकून दिल्या की त्यांचे मूल्यमापन करण्याची गरज उरत नाही. तथापि प्रतिकृती हे भूतकाळाविषयीचे एक विधानच असते. काय दाखवायचे, काय वगळायचे, किती मोठे करायचे आणि किती जुने दिसू द्यायचे, हे चार निर्णय ती घडविणाऱ्याला घ्यावेच लागतात.

प्रस्तुत लेखात दोन छंदांची तुलना केली आहे. पहिला, रणगाड्यांच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती जोडून, रंगवून त्यांवर वापराच्या खुणा उमटविण्याचा. दुसरा, महाराष्ट्रात दिवाळीत अंगणोअंगणी मातीचा किल्ला उभारण्याचा. पहिल्या छंदात विकसित झालेले झिजेचे तत्त्व दुसऱ्याच्या समीक्षेसाठी उपयुक्त ठरते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. जुन्नर व आंबेगाव हे तालुके या विचारासाठी निवडण्याचे कारण उघड आहे. येथील मुलाला ज्या किल्ल्याची प्रतिकृती करायची तो किल्ला पुस्तकात शोधावा लागत नाही.

१. रणगाड्याची प्रतिकृती : प्रमाण आणि झीज

रणगाड्यांच्या प्रतिकृतींत १/३५ हे प्रमाण सर्वाधिक रूढ आहे. त्याचा उगम कोणत्याही सौंदर्यविचारात नाही. जपानमधील शिझुओका येथील तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या प्रारंभी जर्मन 'पँथर' रणगाड्याची मोटारीवर चालणारी प्रतिकृती काढली. आत मोटार आणि बॅटऱ्या मावाव्यात म्हणून जो आकार ठरला, तोच पुढे प्रमाण होऊन बसला. या प्रमाणात माणूस सुमारे ५ सेंमी उंचीचा होतो, तर सेंच्युरियन रणगाड्याचा सांगाडा तोफेची नळी वगळता सुमारे २२ सेंमी लांब भरतो.

जोडणी आणि मूळ रंग झाल्यावर खरे काम सुरू होते. पातळ केलेला गडद रंग खाचाखोचांत सोडणे, जवळजवळ कोरड्या ब्रशने कडा उजळणे, स्पंजाच्या तुकड्याने रंगाचे टवके उडाल्याचा भास निर्माण करणे, रंगद्रव्याच्या भुकटीने चाकांवर चिखल चढविणे या क्रियांना एकत्रितपणे वेदरिंग म्हणतात. या कामाचा नियम एकच आहे : प्रत्येक खुणेला कारण हवे. सैनिक जेथे पाय ठेवून चढतो तेथला रंग उडालेला असतो. धूर जेथून निघतो ती नळी गंजते. पट्ट्यांचा जमिनीला घासणारा भाग चकाकतो. चिखल खालून वर विरळ होत जातो. कारणाशिवाय सर्वत्र सारखा गंज फासला की जाणकार त्या कामाला नापास करतात. म्हणजेच झीज ही सजावट नसून वापराच्या इतिहासाचे वाचन आहे.

या कलेची मर्यादाही नोंदविली पाहिजे. १९६५ च्या युद्धात लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांच्या नेतृत्वाखाली पूना हॉर्सने सेंच्युरियन रणगाड्यांनिशी फिलोरा-चविंडा परिसरात लढा दिला. १६ सप्टेंबर १९६५ रोजी तारापोर धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले. अशा रणगाड्याच्या प्रतिकृतीवर धूळ, तेलाचे ओघळ आणि टवके बारकाईने दाखविले जातात. पोलादाच्या आत बसलेल्या माणसांचे काय झाले, ते मात्र बहुधा दिसत नाही. यंत्राची झीज देखणी होते आणि माणसाची झीज चौकटीबाहेर राहते. हा आक्षेप किल्ल्याच्या प्रतिकृतीलाही कसा लागू पडतो, ते पुढे पाहू.

जुन्नरच्या पूर्वेस लागून असलेल्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या मुख्यालयी, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर शहरात, १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे. उघड्यावर ठेवलेले पोलाद टिकवायचे तर ते वेळोवेळी रंगवावे लागते. परिणामी खरा रणगाडा नवा दिसतो आणि टेबलावरची प्रतिकृती जुनी. जतन आणि झीज यांच्यातील हा विरोध किल्ल्यांच्या बाबतीतही महत्त्वाचा आहे.

२. दिवाळीचा किल्ला : प्रमाणाचा प्रश्न

दगड-विटांचा ढीग, त्यावर चिखलात बुडवलेले गोणपाट, वरून मातीचा लेप, उतारावर पेरलेले अळीव किंवा मोहरी, आणि शेवटी मावळ्यांची चित्रे : दिवाळीच्या किल्ल्याची ही सर्वपरिचित रीत आहे. प्रमाणबद्धतेच्या कसोटीवर हा किल्ला टिकत नाही. शिवनेरी पायथ्यापासून सुमारे ३०० मीटर उंच आहे. अंगणातील किल्ला १ मीटर उंच धरला तर प्रमाण १/३०० होते आणि माणूस ६ मिलिमीटरहून किंचित कमी भरतो. बाजारातील मावळा मात्र सहज ७ सेंमीचा, म्हणजे बारापट मोठा असतो. १/३५ प्रमाणात शिवनेरी करावयाचा तर साडेआठ मीटर उंचीची टेकडी उभारावी लागेल.

परंतु यास दोष म्हणता येणार नाही. आपल्या शिल्पपरंपरेत आकार हा अंतराने वा मोजमापाने ठरत नाही, तो महत्त्वाने ठरतो. देवता मोठी, सेवक लहान. दिवाळीच्या किल्ल्याने हीच दृष्टी नकळत स्वीकारली आहे. माथ्यावरील राजा सर्वांत मोठा, पहारेकरी मध्यम, पायथ्याचा शेतकरी आणि त्याची बैलजोडी लहान. प्रश्न प्रमाण चुकल्याचा नाही. कोणाला महत्त्व दिले आणि कोणाला जागाच दिली नाही, हा खरा प्रश्न आहे.

३. कोणता शिवनेरी?

येथील बहुसंख्य प्रतिकृतींत माथ्यावर सिंहासन, त्यावर छत्रपती, आणि सभोवती अभंग तटबंदी असे दृश्य दिसते. भावनेच्या दृष्टीने ते समजण्यासारखे आहे. इतिहासाच्या दृष्टीने मात्र त्यात गफलत आहे. शिवनेरीवर १६३० मध्ये शिवरायांचा जन्म झाला तेव्हा किल्ला निजामशाहीत होता. पुढे तो मुघलांकडे गेला. १६५७ मध्ये महाराजांनी जुन्नर शहरावर छापा घातला. परंतु किल्ला त्यांच्या हयातीत स्वराज्यात आला नाही. तो मराठ्यांकडे आला तो १७१६ मध्ये, शाहू महाराजांच्या कारकीर्दीत. राज्याभिषेकाचे सिंहासन रायगडाचे, १६७४ चे. जन्मभूमी असूनही हाती न आलेला किल्ला, ही शिवनेरीची खरी आणि अधिक हृद्य कथा आहे. सिंहासन मांडले की ती पुसली जाते.

वगळलेल्या गोष्टींची यादीही बोलकी आहे. सात दरवाजे मोजून केले जातात, शिवाई देवीचे मंदिर आणि गंगा-जमुना टाकी काही वेळा दिसतात. परंतु किल्ल्याच्या कड्यांत कोरलेली बौद्ध लेणी, माथ्यावरील कमानी मशीद आणि ईदगाह यांना जागा मिळत नाही. १६५० च्या सुमारास महादेव कोळ्यांनी मुघल सत्तेविरुद्ध केलेल्या उठावाची आठवण सांगणारा कोळी चौथराही क्वचितच आढळतो. जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिम खोऱ्यांतील वाड्यांमध्ये आजही महादेव कोळी समाजाची वस्ती आहे. त्या वाडीतील मुलगा किल्ला करतो आणि त्यात त्याच्या पूर्वजांचा चौथरा नसतो. रणगाड्याच्या संदर्भात नोंदविलेला आक्षेप येथे अधिक तीव्रतेने लागू होतो, कारण येथे चौकटीबाहेर राहिलेली माणसे घडविणाऱ्याच्या स्वतःच्या घरातील आहेत.

४. झीज हा पुरावा

अभंग तटबंदीचा आग्रह आणखी एका कारणाने तपासून पाहिला पाहिजे. १८१८ च्या युद्धात इंग्रजांनी किल्ले घेतल्यावर चावंड व जीवधन यांच्या पायऱ्या सुरुंग लावून उद्ध्वस्त केल्या. किल्ला पाडण्याची गरज नव्हती. वाट तोडली की तो निरुपयोगी होत असे. चावंड चढताना तुटलेल्या पायऱ्यांशी हात-पाय टेकावे लागतात, तेव्हा सत्तांतर म्हणजे काय याचा जो प्रत्यय येतो तो सनावळीतून येत नाही. येथे पडझड म्हणजे उणीव नव्हे. ती दस्तऐवज आहे. चावंडच्या प्रतिकृतीत सरळ, अखंड जिना दाखविणे म्हणजे त्या दस्तऐवजातील मजकूर खोडणे होय.

वेदरिंगचा नियम येथे तंतोतंत लागू पडतो : प्रत्येक खुणेला कारण हवे. पाण्याने झिजलेला उतार, पायांनी गुळगुळीत झालेला उंबरठा, सुरुंगाने उडालेली पायरी आणि अलीकडील दुरुस्तीचा नवा चिरा या चार खुणा चार निरनिराळ्या काळांच्या आहेत. त्या वेगळ्या ओळखता आल्या तर मुलाने किल्ला वाचला, असे म्हणता येईल. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या १२ मराठा किल्ल्यांत शिवनेरी आहे. त्यामुळे जतनाची कामे वाढतील. दगड नवे होत असताना जुन्या खुणांची ओळख ठेवणारी नजर तयार करणे अधिकच निकडीचे ठरते.

५. मातीची स्वतःची झीज

तयार मालाच्या बाबतीत दोन छंदांची गती उलटी आहे. रणगाड्याचा छंदी कारखान्यातून आलेले तयार भाग घेतो आणि त्यांवर काळाचा ठसा उमटवून ते स्वतःचे करतो. दिवाळीचा किल्ला मुळात हाताने घडत असे. आता शहरांच्या बाजारात प्लास्टर ऑफ पॅरिसचे तयार किल्ले मिळतात आणि ते आणून नुसते मांडले जातात. त्यांना तडा जात नाही, अळीव उगवत नाहीत.

मातीच्या किल्ल्याचे वैशिष्ट्य असे की त्याला झीज रंगवावी लागत नाही. तो लक्ष्मीपूजनापर्यंत वाळतो, भेगाळतो. भाऊबीजेपर्यंत कोंब उंच होऊन तटाबाहेर येतात. अवेळी पाऊस आला तर बुरूज ढासळतो. आणि दिवाळी सरली की पुष्कळदा मुलेच सुतळी बाँब लावून तो उडवितात. रणगाड्याची प्रतिकृती काचेमागे काळ थांबविते. मातीचा किल्ला काळाला आठ-पंधरा दिवसांत धावू देतो. किल्ला बांधला जातो, राखला जातो आणि पडतो, हे ज्ञान कोणत्याही व्याख्यानाविना मुलाच्या हाताला मिळते. या परंपरेचे हे मोठे सामर्थ्य असूनही बक्षिसे देताना आपण पहिल्या दिवशीच्या देखणेपणालाच गुण देतो.

समारोप

मुलांच्या आनंदावर इतिहासाचे ओझे कशाला, असा प्रश्न विचारला जाईल. उत्तर असे की ओझे आधीच लादले गेले आहे. सिंहासन आणि अभंग तट हाही इतिहासच शिकवितो, फक्त तो अपुरा आहे. दोन्ही तालुक्यांतील महाविद्यालयीन अध्यापक अशा स्पर्धांना परीक्षक म्हणून जातात तेव्हा त्यांना तीन साधे प्रश्न विचारता येतील : हा किल्ला कोणत्या सालातील आहे? येथे कोण राहत होते? हे जे पडले आहे ते कशाने पडले? इतिहास, भूगोल आणि मराठी या विभागांना मिळून हा उपक्रम सहज करता येईल.

आंबेगाव तालुक्यात तर याच पद्धतीचा आणखी एक विषय समोर आहे. ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले ते आंबेगाव डिंभे धरणाच्या जलाशयात गेले. त्या गावाची प्रतिकृती वडीलधाऱ्यांच्या आठवणींवरूनच करावी लागेल, आणि त्या आठवणी सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. किल्ल्याच्या झिजेला शतके मिळाली. या गावाच्या प्रतिकृतीला तेवढी मुदत नाही.