घरच्या वर्षाची बखर

मराठीत राजांच्या व सरदारांच्या बखरी पुष्कळ आहेत. एका साध्या घराने एक वर्ष कसे काढले त्याची बखर मात्र शोधूनच काढावी लागते. घर, शाळा आणि उद्योग या तीन खुंट्यांवर कुटुंबाचे वर्ष टांगलेले असते, आणि एक खुंटी हलली की उरलेल्या दोहोंवर भार पडतो. ललितलेखकास याहून विपुल सामग्री कोठे मिळावयाची? तथापि आमचे लेखक कुटुंबाकडे वळले की बहुधा दोहोंपैकी एक करितात : एक तर आठवणींचा पाझर फोडतात, नाही तर दुःखाची सरासरी काढतात. पहिल्या दोषाची चर्चा पुष्कळ झाली आहे. दुसऱ्याविषयी आज थोडे लिहावयाचे आहे, आणि उदाहरणादाखल आम्ही श्रीवर्धन तालुक्यातील दिवेआगर हे गाव व २०२० हे साल घेतो.

दिवेआगरावर लिहिले गेले नाही असे नाही. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा तेथील ताम्रपट आरंभीच्या मराठीचा पुरावा म्हणून विद्वानांस परिचित आहे. पुढे १९९७ साली एका वाडीत खणताना गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला आणि गावाचे नाव महाराष्ट्रभर झाले. मार्च २०१२ मध्ये तो मुखवटा दरोडेखोरांनी लुटून नेला, आणि २०२१ च्या नोव्हेंबरात नवा मुखवटा घडवून बसविण्यात आला. या सर्व प्रकरणावर शाई भरपूर खर्ची पडली आहे. परंतु त्या दरोड्यात दोन रखवालदार प्राणास मुकले. सोन्याचे वजन ज्या लेखांत हटकून सापडते, त्यांत त्या दोन घरांचे पुढचे वर्ष कसे गेले याविषयी एखादी ओळ सापडली तर वाचकाने भाग्य समजावे. आम्ही ज्यास सरासरीचा दोष म्हणतो तो हाच. घटना दिसते, घर दिसत नाही.

आता २०२० कडे वळू. मार्चच्या मध्यास साथीमुळे शाळा बंद झाल्या. दहावीच्या परीक्षेतील भूगोलाची तेवढी प्रश्नपत्रिका उरली होती. ती रद्द झाली. आणि जून महिन्याच्या ३ तारखेस भूगोल स्वतःच दारी आला. निसर्ग या नावाचे चक्रीवादळ भर दुपारी रायगडच्या किनाऱ्यावर चढले. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरांच्या वर होता. (वादळास हे नाव ज्या कोणी सुचविले असेल त्यास कोकणी माणसाच्या विनोदबुद्धीची कल्पना नसावी.) कौले उडाली, पत्रे उडाले, आणि पावसाळा तर तोंडावर आलेला. कित्येक ठिकाणी आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. त्याच दिवसांत शहरांतील मुलांचे वर्ग दूरध्वनीच्या पडद्यावर भरू लागले होते. येथे पडदा उजळावयास वीज नाही आणि वीज आली तरी संदेशवहनाचे मनोरे धड नाहीत. पर्यटकांना खोल्या व घरचे जेवण देऊन ज्यांनी चार पैसे जोडले होते त्यांचा तो हंगाम टाळेबंदीने आधीच खाल्ला होता.

राहता राहिली वाडी. या किनाऱ्यावरील कुटुंबाचे खरे पोशिंदे माड आणि पोफळ. श्रीवर्धनची रोठा सुपारी प्रसिद्धच आहे. पोफळ हे झाड उंच, सडपातळ आणि मध्येच मोडणारे. मोडलेली पोफळ पुन्हा फुटत नाही, आणि नवे रोप फळास येण्यास सहा-सात वर्षे तरी जावी लागतात. शिवाय वाडी ही निव्वळ झाडांची बेरीज नसते. वरच्या छायेत खाली केळ, जायफळ, मिरीचा वेल असा संसार मांडलेला असतो. वरचे छप्पर गेले की खालचे ऊन लागून करपते. एका दुपारी घराचे छप्पर गेले आणि वाडीचेही. एखाद्या कादंबरीकाराने हे योजिले असते तर आम्ही त्यास कृत्रिम म्हटले असते.

यानंतर जे झाले ते टीकाकाराच्या दृष्टीने विशेष बोधक आहे. सरकारने फळबागांची भरपाई हेक्टरी १८,००० रुपयांवरून ५०,००० रुपयांपर्यंत वाढविली. आकडा मोठा दिसतो. परंतु कोकणातील वाड्या हेक्टरांत नव्हे, गुंठ्यांत मोजल्या जातात, आणि हेक्टरात सुमारे शंभर गुंठे बसतात. दहा गुंठ्यांच्या धन्यास हिशेबाने पाच हजारांच्या आसपास रक्कम येणार, आणि तीही भावांत वाटली जाणार! ओरड झाली, पुढे माप बदलले, आणि माडास २५० व पोफळीस ५० रुपये असा झाडागणिक दर ठरला. पन्नास रुपयांत पोफळीचे मोल होते असे कोणी म्हणणार नाही. पण मोजणाऱ्यास वाडीत शिरून पडलेले एकेक झाड मोजणे भाग पडले, ही गोष्ट लहान नव्हे.

आमच्या मते वाङ्मयातही हाच भेद आहे. कुटुंबाचे दुःख हेक्टरी लिहिणारे लेखक बहुत आहेत. झाडागणिक लिहिणारे थोडे. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ १९३५ साली प्रसिद्ध झाली. तिच्यावर भाबडेपणाचा आरोप वारंवार होतो आणि तो अगदीच निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु दापोलीस शिकणारा श्याम खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावासाठी कोट शिवून घेतो आणि भर पावसात तो घरी घेऊन येतो, हा प्रसंग वाचकाने पुन्हा पाहावा. कोट पाहून वडिलांच्या मनात प्रथम शंका येते ती पैसे कोठून आणले याची. शाळा, कर्जाने खचलेले घर आणि बापाची लाज, हे सारे एका कोटात मावले आहे. तेथे लेखकाने दारिद्र्यावर व्याख्यान दिले नाही. त्याने झाड मोजले. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ या कसोटीस आणखी उतरतात. नवरा धर्मांतर करतो, संसार दुभंगतो, आणि बाई आपल्या दुःखाचा डोंगर न रचता हातातला पैसा कसा निसटला, कोणी कोणास काय म्हटले, कोठे हसू आले, हे सांगत राहतात. हसू आल्याचे सांगण्यास जे धैर्य लागते ते रडण्याचे सांगण्यास लागत नाही.

इंग्रजी वाचकास येथे गोल्डस्मिथचा ‘व्हिकर ऑफ वेकफील्ड’ आठवेल. त्यातही पैसा बुडतो, घर जळते, बाप तुरुंगात जातो; पण शेवटी लेखक सर्व काही व्याजासह परत करतो. विद्यार्थिदशेत आम्हांस तो शेवट गोड वाटे. आता वाटते की ती हेक्टरी भरपाईच होय : एक ठोक रक्कम देऊन हिशेब मिटविणे.

कोणी म्हणेल, जमाखर्च म्हणजे वाङ्मय नव्हे. मान्य. परंतु जमाखर्चास भिणारे वाङ्मयही फार टिकत नाही. वादळानंतर जे लेख निघाले त्यांत कोकणी माणसाच्या चिवटपणाची स्तुती फार आढळली. ही स्तुती आम्हांस संशयास्पद वाटते. चिवट म्हटले की त्यास काय लागते हे विचारण्याचे कारण उरत नाही. जून महिन्यात छपरावर घालण्यास ताडपत्री कोणी दिली, मोडलेली खोडे उचलण्याची मजुरी कशातून भागविली, मुलीचा अभ्यास कोणाच्या ओटीवर झाला, मुंबईची नोकरी टाळेबंदीत गेल्यामुळे घरी परतलेला थोरला भाऊ ओझे ठरला की हात ठरला, या प्रश्नांची उत्तरे ज्या लेखात असतील तो लेख वेडावाकडा असला तरी आम्ही तो वर ठेवू.

त्या वर्षी दहावीत असलेले मूल आज विशी ओलांडून गेले आहे. त्याच पावसाळ्यात लावलेली पोफळ आता कोठे फळास येण्याच्या बेतात असेल. ते मूल लिहिते झाले असल्यास त्याच्या वहीची आम्ही वाट पाहत आहो. मात्र वाडीत किती झाडे होती आणि किती पडली, हे त्याने पहिल्याच पानावर लिहावे.