प्रवासवर्णन आणि तीन चाके

दिवाळी अंक हाती आला की आमच्या घरी आधी राशिभविष्याची पाने उघडली जातात, मग विनोदी कथा. आणि फराळाचा डबा अर्ध्यावर आला म्हणजे प्रवासवर्णनाची पाळी येते. हा क्रम मला अन्यायाचा वाटत नाही. प्रवासवर्णने मी नेमाने वाचतो, आणि वाचून झाल्यावर त्यांतले एकही माणूस लक्षात राहत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. हॉटेलची खिडकी लक्षात राहते, न्याहारीचे पदार्थ लक्षात राहतात, आणि सूर्यास्त तर हटकून राहतो. कारण तो बहुतेक लेखांत एकाच ठिकाणी, शेवटून दुसऱ्या परिच्छेदात, होत असतो.

मी काही विद्यापीठातला समीक्षक नव्हे. थोड्या कादंबऱ्या लिहिलेला, नावापुढे पदवी नसलेला शाळामास्तर आहे. तेव्हा शास्त्र सांगण्याऐवजी स्वतःची एक चूकच सांगतो.

२०२१ च्या दिवाळीच्या सुमारास एस.टी.चा संप सुरू झाला आणि तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत लांबला. त्या हिवाळ्यात आठवीच्या वर्गाला मी ‘मी केलेला प्रवास’ हा निबंध घातला होता. एका मुलीचे वडील अलिबागला रिक्षा चालवतात. आजोळ गुहागरकडचे, आजोबा अंथरुणाला खिळलेले, एस.टी. बंद. शेवटी वडिलांनी सगळ्यांना रिक्षात घातले आणि किनाऱ्याकिनाऱ्याने गुहागर गाठले. मुलीने लिहिले होते ते असे : पेट्रोल कुठे भरले, फेरीबोटीला काय पडले, किती दिवसांची कमाई बुडाली, वाटेत क्लचवायर तुटली ती कोणी बसवून दिली, त्याच्या घरून पाणी आले ते कोणी आणले, आणि दारात रिक्षा थांबताच आजोबांनी तिचा आवाज कसा ओळखला. समुद्राच्या वाट्याला एकच वाक्य आले होते : ‘समुद्र उजव्या हाताला होता.’

मी लाल शाईने शेरा मारला, ‘हिशेब फार. निसर्गवर्णन नाही.’ क्लचवायर बसवणाऱ्या माणसाचे नाव व गाव तिने लिहिले होते. त्यावर काट मारून समासात लिहिले, ‘अनावश्यक.’ दहापैकी चार गुण दिले आणि वही परत केली.

पुढे एका कादंबरीसाठी मला खाड्यांच्या काठची गावे पाहावयाची होती. मे महिन्याच्या सुट्टीत मी त्या मुलीच्या वडिलांनाच विचारले. ते म्हणाले, “भाड्याचं बघू नंतर, सर. पण चढाला गाडीनं दम टाकला तर उतरावं लागेल हं तुम्हाला.” मी कबूल केले, आणि अलिबाग ते रत्नागिरी असा आमचा प्रवास सुरू झाला.

हे वाहन लांबच्या प्रवासासाठी जन्मलेले नाही. १९४६ साली इटलीत कोरादिनो दास्कानियो या अभियंत्याच्या आराखड्यावरून वेस्पा स्कूटर निघाली. वेस्पा म्हणजे गांधीलमाशी. दोनच वर्षांनी तिला तिसरे चाक जोडून माल वाहण्याची गाडी केली, तिचे नाव आपे, म्हणजे मधमाशी. आपली रिक्षा त्याच कुळातली. गल्लीबोळातून ओझे न्यायचे हा तिचा कुळधर्म. अशा गाडीत बसून किनारा पाहू लागलो, तेव्हा पहिली गोष्ट कळली ती ही, की मागच्या बाकावरून समुद्र अर्धाच दिसतो. हूड खाली आलेले असते. आभाळ आणि क्षितिज ते कापून टाकते. उरतात त्या पडव्या, ओटे, उंबऱ्यापुढच्या चपला, दोरीवर वाळत घातलेले बोंबील, हापशीवरच्या बायका. सूर्यास्त पाहायचा तर गाडी थांबवून खाली उतरावे लागते, आणि तेवढ्यात कोणीतरी विचारतेच, “कुणाकडं आलात?”

‘समुद्र उजव्या हाताला होता’ हे वाक्य रेवदंडा ओलांडण्याच्या आतच मला पटले. ती मुलगी खोटे लिहीत नव्हती. तिला दिसले तेवढे तिने लिहिले होते.

दुसरी गोष्ट कानाची. रिक्षाला काचा नसतात. रेवदंड्याची खाडी ओलांडून कोर्लईला चहासाठी थांबलो, तेव्हा शेजारच्या बाकावर चाललेले बोलणे मला कळेना. पोर्तुगीजांच्या अमलापासून राहिलेली बोली त्या गावातली ख्रिस्ती माणसे घरात अजून बोलतात. मोटारीच्या बंद काचेतून कोर्लईचा किल्ला दिसतो. भाषा ऐकू येत नाही.

तिसरी गोष्ट थांबण्याची. महामार्गावरून जाणाऱ्याला खाडी म्हणजे एक पूल. आमच्या वाटेवर चार ठिकाणी फेरीबोटीची वाट पाहावी लागली : आगरदांड्याहून दिघीला, बागमांडल्याहून सावित्री ओलांडून वेसवीला, दाभोळहून वाशिष्ठी ओलांडून धोपाव्याला, आणि तवसाळहून शास्त्री ओलांडून जयगडला. धक्क्यावर सगळी वाहने सारखीच थांबतात. मासळीचा टेम्पो, वऱ्हाडाची गाडी, आमची रिक्षा. वेसवीला उतरलो की रायगड जिल्हा संपून रत्नागिरी लागतो. तिथून पुढे आमच्या गाडीची ‘एमएच ०६’ ही पाटी वाचून प्रत्येक गावात दोन माणसे चौकशीला येत.

केळशी मागे टाकून आंजर्ल्याकडे निघालो होतो. काही बिघडलेले नसता आमच्या सारथ्याने एका घरापुढे गाडी उभी केली आणि बाकाखालून अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची माळ काढली. घरातून एक मनुष्य तेलकट हात पुसत आला. “संपात वायर बसवून दिली होती ना, ते हे,” मला सांगण्यात आले. “वायरीचे पैसे घेतले, मजुरी घेतली नाही.” मग त्या गृहस्थाचे नाव सांगितले. मी ते नाव ओळखले. मीच त्यावर काट मारली होती.

ती कांद्याची माळ पाहिल्यापासून प्रवासवर्णनाला मी एकच कसोटी लावतो : या लेखकावर वाटेत कोणाचे देणे झाले का, आणि झाले असेल तर त्याने ते लिहून ठेवले का? आपली जुनी पुस्तके या कसोटीला उतरतात. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले ते घरचे कर्ज फेडण्यापुरती दक्षिणा मिळवायला. बंडाच्या धुमश्चक्रीत मिळवलेले गेले, आणि गंगेची कावड खांद्यावर घेऊन ते घरी परतले. ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापला गेला, तो आजही वाचवतो. कारण कोणी जेवू घातले आणि कोणी लुटले, याचा हिशेब त्यात आहे. गो. नी. दांडेकरांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’मधला नर्मदेचा परिक्रमावासी तर दुसऱ्याच्या दाराशी उभा राहूनच जगतो.

उलट, अलीकडे रिक्षाची एक नवी हौस निघाली आहे. २००६ पासून परदेशी तरुण आपल्या देशात रंगवलेल्या रिक्षा घेऊन शर्यतीसारखे हजारो किलोमीटर हिंडतात. त्याच वर्षी दोन इंग्रज तरुणींनी बँकॉकहून इंग्लंडातील ब्रायटनपर्यंत सुमारे साडेबारा हजार मैल रिक्षा नेली आणि त्यावर पुस्तक लिहिले. त्यांच्या धाडसाला मी नावे ठेवणार नाही; पैसाही त्यांनी चांगल्या कामासाठी जमवला. माझी शंका या सगळ्या हौशी लेखनाविषयी आहे. ज्याच्या पोटाला रिक्षा लागलेली नाही, त्याला गाडी बंद पडली की मौज वाटते, आणि मौज वाटली की दुरुस्त करणारा मनुष्य विनोदातले पात्र होतो. आमच्या सारथ्याला बंद पडलेली गाडी म्हणजे बुडालेला दिवस.

निसर्गवर्णन नकोच, असे मात्र कोणी समजू नये. नुसता हिशेब म्हणजेही साहित्य नव्हे. त्या मुलीच्या निबंधातही पेट्रोलच्या ओळी दोन कमी चालल्या असत्या. पण हर्णैच्या बंदरात संध्याकाळी मासळीचा लिलाव चालू असता सुवर्णदुर्गामागे सूर्य बुडताना मी पाहिला, आणि मनात आले, की हा सूर्यास्त मला लिहिता येईल, पण टोपली उचलायला मला हाक मारणाऱ्या त्या कोळणीनंतर.

परत आल्यावर त्या मुलीला भेटलो. ती आता आमच्या शाळेत नाही. मी तिला सांगितले, की तुझ्या निबंधाला मी गुण कमी दिले, ती माझी चूक झाली. तिला निबंधच आठवेना. जरा विचार करून ती म्हणाली, “तेव्हा आम्ही गेलो ते बरं झालं, सर. आजोबा त्याच महिन्यात गेले.”

वाचकहो, या सुट्टीत आपणही कुठे जाल, आणि आल्यावर चार पाने लिहाल. जरूर लिहा. ज्याने वाटेत पाणी दिले त्याचे नाव तेवढे विचारून घ्या, आणि कोण्या मास्तराने काट मारली तरी ते काढू नका.